आमच्याकडे मॅन्ग्रोव्ह नाहीत

मुलुंड,
४ नोव्हेंबर १९८६

चि. महादू यास, आणि तू हे पत्र देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचणार हे ठाऊक असल्यामुळे ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या समस्त मंडळींस, विमलाताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. खाडी तुमची, चिखल तुमचा, आणि प्रश्न मात्र दर वेळी परक्या शब्दांत विचारले जातात, याचा मला जुना राग आहे. पण महादू, आज तुझ्यावर त्याहून जास्त आहे. मोजणीच्या साहेबाने विचारलं, इथे मॅन्ग्रोव्ह आहेत का, आणि तू छातीठोकपणे नाही म्हणून सही ठोकलीस. बंगल्याच्या अंगणात लावतात तसलं विलायती झाड वाटलं म्हणे तुला. अरे, ज्या कांदळाची साल उकळून बाबा जाळी रंगवायचे, ज्या तिवरांच्या मुळांत तू चिंबोऱ्या धरतोस, तेच ते. आता तुझ्या सहीने खाडी ओसाड ठरेल आणि तिच्यात भराव पडेल.

शब्द आला कुठून, असं विचारलंयस. मी दोन कोश पाहिले. छातीवर हात ठेवून कुणीच सांगत नाही. बहुधा अमेरिकेकडच्या किनाऱ्यांवरच्या मूळ रहिवाशांचा असावा. स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांनी तो उचलला आणि इंग्रजांनी त्याला आपल्या भाषेतल्या झाडीची, म्हणजे ‘ग्रोव्ह’ची, शेपटी जोडली. म्हणजे तो साहेबाच्या बापाचा नाही. तुझ्यासारख्याच कुणीतरी गुडघाभर चिखलात उभं राहून पहिल्यांदा उच्चारला असेल. तेव्हा लाजू नकोस. सोमवारी कचेरीत जा, तिवराची फांदी टेबलावर ठेव आणि जबाब बदलून घे.

घरात प्रेमाला सांग, तिने पाठवलेले सुके सोडे पोचले, झकास होते. माझ्या रागातली माया तेवढी वेचून घे.

तुझी,
विमलाताई

ट्रॉम्बे,
११ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. विमलाताईस, महादूचा सा. न.

वि. वि. सोमवारी मी, शेजारचा धाकू आणि सोनूकाकी कचेरीत गेलो. फांदी ठेवली. काकीने पुरावा म्हणून टोपलीत चिंबोऱ्याही आणल्या होत्या. त्यातली एक सुटून कपाटाखाली शिरली, मग अर्धा तास कारकून खुर्च्यांवर पाय घेऊन बसले. साहेब मात्र हसला. झाडाबद्दल सांगा म्हणाला, आणि तुझं पाठ केलेलं सगळं मी विसरलो. खलाशी आठवले, बेटं की किनारे ते आठवेना. यार, वाटच लागली.

शेवटी साहेब म्हणाला, शनिवारी मी स्वतः बघायला येतो, नीट सांगणारं माणूस उभं करा, पटलं तर जुना जबाब रद्द.

ताई, नीट सांगणारं माणूस आमच्यात एकच. ते सभांमधून घाटकोपरला बोलतं, अंधेरीला बोलतं, आणि बाबांच्या बाराव्यानंतर सात वर्षांत घरी आलेलं नाही. तुझं पत्र ओट्यावर वाचलं. मग सोनूकाकी म्हणाली, “कागद कशाला पाठवते? तिला चिखल लागतो का आता?”

याचं उत्तर तूच येऊन सांग. शनिवारी दुपारी चारला, पाणी उतरल्यावर, बंदरावर ये. जुनं लुगडं नेस. लोभ पत्रापुरता ठेवू नये, ही विनंती.

तुझा,
महादू