वाईनच्या टेबलावरची माझी खुर्ची

८ जानेवारी, बुधवार
माझा तवा कुणी घासला? मिश्री भाजायचा माझा काळा तवा, सासूच्या वक्ताचा. त्यावर तंबाकू जाळायची, पूड करायची, दाताला लावायची. नातसून संयोगितानं त्यो आरशासारखा केला आणि वर म्हणती, आज्जी, बघा कसा चमकतोय. त्यात तोंड बघू का आता?
हे आधी लिहिलं. आता राम राम. कुणाला? मलाच. वही माझी, शाळा चौथीपतुर, चुका काढायला मास्तर न्हाई.
नातू इंद्रजितची वाईनरी उभी राहिली. आष्ट्याच्या बाहेर, आमच्याच रानात. दोन फेब्रुवारीला उद्घाटन. पुण्याच्या मोठ्या हॉटेलचा सायेब येणार, त्याला चव पटली तर वर्षभर माल तिकडंच जाणार. मला विचारलं काय, तर चहा कोण करंल.

१० जानेवारी, शुक्रवार, दुपार
द्राक्षं बघून आले. शिराज, काबर्ने, शेनिन, सोविन्यों. नावं राजघराण्यातली आणि मणी मिऱ्याएवढं. जाड साल, आत बी. तासगावच्या बाजारात असला माल कुणी हातात धरणार न्हाई. इंद्रजित म्हणला, आज्जे, ही खायची न्हाईत. मी म्हटलं, ते दिसतंयच.
मग त्यानं शिराज चाखाय दिली. लाल, दाट. मी घोट घेतला आणि सांगितलं, तंबाकू. जळकं लाकूड.
पोरगं उडालंच. म्हणला, आज्जे, नाशिकला वाईनच्या कोर्सात आमच्या सरांनी शिराजसाठी ह्येच दोन शब्द फळ्यावर लिहिलं हुतं! बायकोला हाक मारली. तिच्यापुढं पुन्हा चाखली. तंबाकू. टाळ्या वाजवल्या दोघांनी.
माझ्यात कायतरी हाय हे मला लग्नाआधीपास्नं ठावं हुतं. विचारलं कुणी न्हाई.

११ जानेवारी, शनिवार
ठरलं. टेबलाच्या टोकाची खुर्ची माझी. सायेबापुढं मी चाखणार, कुठल्या वाईनवर काय खायाचं ते मी सांगणार. इंद्रजित म्हणला, आज्जे, तुझ्या जिभेवर ही ऑर्डर आणायची.
संयोगिताची अट एकच. मिश्री बंद. जीभ स्वच्छ पायजे म्हणे. न्हाईतर तिची आज्जी अंबूबाई उंब्रजहून बोलवू, तिला कसलंच व्यसन न्हाई. अंबूबाई! जिला आमटीत मीठ पडलंय का न्हाई ते शेजारणीला विचारावं लागतं.
मिश्री आजपास्नं बंद. मला सवय कवा नव्हतीच.
संध्याकाळी: दाढ ठणकली. लावली. ह्येला मिश्री म्हणत न्हाईत, औषध म्हणतात.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी
अभ्यास सुरू. भोगीची भाजी, तीळ लावल्याली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, शेजारी गुलाबी वाईन. तिला रोझे म्हणतात. लय जमलं! घेवडा, वांगं, गाजर आणि मधनंच गार घोट. चव: तंबाकू, जराशी.
मी पीत न्हाई. तपासते. एकदा तपासून खात्री होत न्हाई.
दुपारी शेळीला नावानं हाक मारली. शेळीला नाव ठेवल्यालं न्हाई. तरी आली.

१६ जानेवारी, गुरुवार
थुंकायचं शिकवलं आज. घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत सोडायचा, म्हंजे चढत न्हाई. संयोगितानं करून दाखवलं. धार हनुवटीवरनं पदरात. शिकल्याली पोरगी.
मी हितं उंबऱ्यात बसून अंगणापल्याडचा उकिरडा गाठणारी बाई. दोन हातांवरनं मारली, बादली टण्ण वाजली. इंद्रजित म्हणला, आज्जे, पाव्हण्यांपुढं जरा जवळनं.
पण मन धजना. वर्षभर राबून केल्याला माल बादलीत? म्हंजे काय? पुढच्या सगळ्या गिळल्या. सांडलं काय न्हाई.
परतीच्या वाटंवर उसाचा सरी-वरंबा हलत हुता. वारा नव्हता.

२० जानेवारी, सोमवार
जोड्या पक्क्या झाल्या. लग्नं जुळवण्यात आमचं घराणं पुढं.
शेनिन ब्लांक, पांढरी, गरीब स्वभावाची. तिला सांगलीचं भडंग, वर कांदा-कोथिंबीर. सोविन्यों ब्लांकला पाटणकडनं आणल्याला कोयनेचा मासा, रव्यात तळून. पोरं म्हणतात हिला हिरव्या मिरचीचा, गवताचा वास येतो. मला तंबाकूचा आला. त्यांची नाकं अजून कोवळी हाईत. शिराजला अख्खा मसूर न्हाईतर मटणाचा रस्सा. काबर्ने जिभेला धरून ओढती, तिच्या तोंडात तेलातलं सुकं मटण कोंबायचं, मग गप बसती. उशिरा तोडल्याल्या द्राक्षांची एक गोड हाय, तिला साताऱ्याचं कंदी पेढं. ही जोडी तर अशी जमली की पाच पेढं कुठं गेलं कळलं न्हाई.
इंद्रजित म्हणला, आज्जे, रस्सा फिका कर, तिखटात वाईन मरती. व्हय म्हटलं. तिखट नेहमीएवढंच घालणार. जी रश्श्यानं मरती ती वाईन कसली.
मिश्री: बंद. फक्त सकाळी, जेवणावर, आणि लाईट गेल्यावर. लाईट लय जाती आमच्याकडं.

२५ जानेवारी, शनिवार
संयोगितानं उशीखालची डबी पकडली. मी म्हटलं, शेजारच्या मनुबाईची हाय. ही बया डबी घेऊन मनुबाईच्या दारात! मनुबाई म्हणली, माझी न्हाई बाई, माझी ही बघा, आणि कमरेची काढून दाखवली. एवढी वर्सं तिला ताक दिलं मी.
संयोगिता म्हणली, शपथ घ्या. घेतली, म्हशीची. म्हस तशीबी आटलीया.
डबी तिनं कपाटात ठेवली. कपाटाची दुसरी किल्ली कुठं असती ते ह्या घरात फक्त मला ठावं.

३० जानेवारी, गुरुवार
सगळी तयारी झाली. खुर्चीत बसून बघितलं. टेबलाच्या ह्या टोकावरनं सगळी दिसतात, आणि सगळ्यांना मी दिसते. काय बोलायचं ते पाठ केलं: वेलकम. बसा. आधी वास, मग घोट, मग भडंग.
अंबूबाई पाव्हणी म्हणून यायची हाय. येऊ दे. कुणीतरी बघाय नको का.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
नवी इरकल नेसले. अंबूबाई म्हणल्या, विहीणबाई, रंग जरा भडक झाला का? मी म्हटलं, तुमाला दिसला ह्येच लय झालं.
धीरासाठी दाताला बोट लावलं. एकदाच. सायेबाची गाडी फाटकात आली तवा आणखी एकदाच.

२ फेब्रुवारी, दुपारी
लिहू का नको.
लिहिते. सायेबाचं नाव वीरधवल. काटकुळा, अत्तराचा वास. मी वेलकम म्हटलं. शिराज आली. घोळवली. तंबाकू, जळकं लाकूड. सायेब खुर्चीतनं उठला! म्हणला, आज्जी, कमाल हाय तुमची. इंद्रजितची छाती बैलाएवढी झाली. काबर्ने आली. तंबाकू. सायेब म्हणला, बरोबर, बरोबर. अंबूबाईचं तोंड बघण्यासारखं हुतं.
मग शेनिन. तंबाकू म्हटलं, पण पांढरी. सायेबानं एक भुवई वर केली. सोविन्यों. तंबाकू, जरा जळकी. रोझे. तंबाकू, गुलाबी. संयोगिता टेबलाखालनं माझा पाय दाबत हुती, मला वाटलं शाबासकी देतीया. मी रंगात आल्याली, आता मला कोण धरतंय!
शेवटचा पेला आला. एकदम नितळ. लय येळ घोळवला, डोळं मिटलं आणि सांगितलं, ही सगळ्यांत भारी. जुनी हाय. तंबाकू, जळकं लाकूड, जाता जाता राख.
पाणी हुतं. चूळ भरायला दिल्यालं.
कुणी हसलं न्हाई. हसली असती तर बरं झालं असतं. सायेबानं इंद्रजितला हळूच विचारलं, माल ह्याच जिभेनं पारखलाय का? सगळाच? पोराचं तोंड चुन्यागत पांढरं.
तवा संयोगितानं एक पेला अंबूबाईपुढं सरकवला. त्या बाईनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणली, अगं आई, आंबट हाय गं. मासा आण, माश्यासंगं बरी लागंल.
शेनिन हुती. सायेब म्हणला, अॅसिडिटी! आंबटपणा परफेक्ट! आणि मासा मागवला. मग मटण मागवलं, रस्सा पिऊन नाक पुसलं, पाणी मागितलं, पुन्हा शेनिनच प्याला. ऑर्डर दिली. एका आंबट शब्दावर.
मिश्रीचा काय संबंध न्हाई. पाण्याची टाकी धुवाय पायजे, हे मी कवापास्नं सांगतीया.

३ फेब्रुवारी, सोमवार
सायेबाचा निरोप आला. दर महिन्याला पाव्हणे पाठवणार, टेबलाच्या टोकाला त्या उंब्रजच्या आज्जीच पायजेत. अंबूबाई जाताना सांगून गेल्यात, आमी यायला तयार हाय, पण पोरीच्या सासरी आपण होऊन कोण येतं, घरच्या थोरल्या बाईनं तोंडानं बोलवाय पायजे. थोरली बाई म्हंजे मी. माझ्याच खुर्चीत बसा म्हणून मीच बोलवायचं.
इंद्रजित सकाळपास्नं माझ्यापुढं उभा हाय. ओरडला असता तर मी चार शब्द सुनावलं असतं. ओरडत न्हाई. आज्जे, एवढं कर, म्हणतो आणि फोन पुढं करतो.
करते म्हटलं. पोराची वर्षाची ऑर्डर हाय. पण असं. फोन इंद्रजितनं लावायचा. आमच्या थोरल्या बाईचं आमंत्रण हाय, एवढं त्यानंच म्हणायचं. आणि पलीकडनं अंबूबाईनं विचारलं की विहीणबाई कुठं हाईत, त्या का बोलंनात, तर उत्तर संयोगितानं द्यायचं. तिची आज्जी, तिनं द्यायचं: आज्जींच्या तोंडात मिश्री हाय, बोलता येत न्हाई.