आधी समोरच्याची बाजू

ती. आईस नमस्कार,

मी मजेत आहे. खोकला गेला. तुझे गुडघे बरे आहेत असं तू लिहितेस, म्हणजे असतीलच.

आमच्या लाँड्रीत रविवारी मशिनं बंद असली, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एक बाई येतात आणि इस्त्रीच्या टेबलांभोवती वाद रंगतो. नियम एकच: मुद्दा खोडून काढण्याआधी समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची. एरवी हमरीतुमरीवर येणारे आमचे ड्रायव्हर आणि मुकादम चक्क एकमेकांची बाजू मांडत होते. मी आ वासून बघत राहिले.

आजचा प्रश्न होता, घरच्यांना काळजी नको म्हणून खोटं बोलावं का? मी म्हटलं, बोलावं. मग समोरची बाजू मांडता मांडता ती मलाच पटली.

आई, खोकला गेलेला नाही. आता सांग, तुझे गुडघे कसे आहेत?

तुझीच,
धाकटी