जनावराच्या पोटाशी दोन लेकरं

श्रूजबरी, ६ मे २०२४

चि. उल्कास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तर परवा घरी आला तो परीक्षित, इथल्या मराठी मंडळातला, नाण्यांचा मोठा जाणकार म्हणे. सॉक्सला भोक, पण गळ्यात भिंग! मागून त्याचं शेपूट, निमिष. आपल्या गिरिजाला वाढदिवसाला ती जमिनीतलं लोखंड-तांबं हुडकणारी काठी मिळाली ना, त्या काठीनं माझ्या नातीनं मागच्या अंगणातून एक नाणं काढलं. बोटाच्या पेराएवढं, झिजून गुळगुळीत. पोर नाचत होती. कुठलं आहे ते कळावं म्हणून शार्दूलनं, तिच्या बापानं, ह्यांना बोलावलं. परीक्षितनं जेमतेम बघितलं आणि म्हणाला, कोटाचं बटण आहे. मी म्हटलं, बटणाला भोकं नकोत का? तर हसला, म्हणे आजी, तुम्ही चहाचं बघा. पाजला चहा, पण वेलदोडा मुद्दाम घातला नाही.

पोर तेव्हापासून आय ॲम सो स्टुपिड म्हणते, १८ तारखेला काठी दुकानात परत देणार. माझ्यानं बघवत नाही गं. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहिलं. माया आहे तशी असू दे.

तुझी मालिनीताई

पार्सिपनी, १० मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

भिंग अडकवून कोणी जाणकार होतं का? आमच्या शेजारच्या राजीवनं दुर्बीण घेतली आहे, त्याला अजून चंद्र सापडत नाही.

अगं, देवघरातले टाक धुऊन धुऊन सपाट झाले की आई काय करायची? कणकेत दाबून बघायची, खंडोबा कुठला नि देवी कुठली. चौथीत शाळा सोडलीस, डोक्यात जागा रिकामीच होती, तरी हे विसरलीस? करून बघ. रागावलीस तरी पत्र धाड.

तुझी उल्का

श्रूजबरी, १५ मे

चि. उल्कास, तिखट जिभेच्या बहिणीला आशीर्वाद.

कणीक घट्ट मळली, नाणं दाबलं, गोळा खिडकीशी तिरपा धरला. एका बाजूला टोप घातलेलं डोकं. दुसरीकडे जनावर, आणि त्याच्या पोटाशी दोन लेकरं दूध पिताहेत! गिरिजा किंचाळलीच. तिनं कणकेचा फोटो परीक्षितला पाठवला. काल दोघे धापा टाकत हजर, जाड पुस्तक घेऊन. रोमचं म्हणे, सतराशे वर्षांचं, लांडगीण आणि तिनं पाजलेली, पुढे रोम वसवणारी जुळी. अमेरिकेत कुठून आलं म्हणशील, तर आधीचा घरमालक जुनी नाणी जमवायचा, त्याच्याकडूनच पडलं असणार. वर परीक्षित नाक उडवून म्हणतो, अशी ढिगानं असतात. मी म्हटलं, ढिगानं असतात तर ओळखता का आलं नाही रे? निमिषला खोकला आला.

नाणं हातात द्या म्हणाले. गिरिजानं मूठ मिटली आणि चक्क मराठीतून म्हणाली, आधी चुकलो म्हणा. म्हणाले दोघं, मान खाली घालून! काठी आता कुठे जात नाही. अंगणभर खड्डे पडलेत, कालच शार्दूल एकात पडला.

म्हातारीवर लोभ ठेव. नाण्याचं वजन करायचं राहिलं म्हणून ती दोन ध्यानं परत येणार आहेत, रविवारी, एकोणीस तारखेला.

तुझी ताई