हेडसरांचे डोळे

तीर्थस्वरूप मावशीस, साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढाच वाकलोय असं समज). तुझा गुडघा आता वाकतो का? तू स्वतः वाकणार नाहीस, हे तुझ्या पत्रावरून कळलंच.

तुझ्या शाळेच्या हेडसरांचं चित्र काढायचं काम तू मला मिळवून दिलंस, ते मी विसरलेलो नाही. पण ‘मेल्या, दोन डोळे काढायला तुझं काय जातं?’ असं जे लिहिलंस, त्याचं उत्तर ऐक. माझं सगळं जातं! मी समोर दिसतं तेच रंगवतो. हेडसर बारा दिवस माझ्या खोलीत खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. रोज मी रंग कालवता कालवता, माझ्या पद्धतीप्रमाणे, आधी त्यांना माझी कलेमागची भूमिका समजावून सांगायचो (कळायला नको माणसाला, आपण कशासाठी बसलोय ते?) आणि मान वर करून बघतो तर हेडसर घोरताहेत. बाराही दिवस! मग मी काय रंगवणार, कपाळ? झोपलेले हेडसर रंगवले. हनुवटी छातीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड किंचित उघडं. त्या तोंडातला अंधार तर असा साधलाय, की काय सांगू!

शाळेच्या समारंभात चित्रावरचा पडदा ओढला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली, ते तू पाहिलंसच. कमिटीच्या अध्यक्षांनी मला कोपऱ्यात घेऊन बजावलं, आठ दिवसांत डोळे उघडा, नाहीतर चित्र अडगळीत जाईल. मी म्हटलं, जे डोळे माझ्यासमोर एकदाही उघडे राहिले नाहीत, ते मी उघडणार नाही. टाका अडगळीत! तेव्हा तू कपाळावर हात मारलास, तोही मी पाहिला (त्या पोझमध्ये तू फार छान दिसतेस). उद्या मला कुणी काम दिलं नाही तर दुकानांच्या पाट्या रंगवीन. पण पाटीवरही दुकानात असेल तेच लिहीन. समजलं?

तुझा (अजून मानत असलीस तर) भाचा

ता. क. चित्र अडगळीत गेलं नाही. हेडसरांच्या पत्नी काल येऊन त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “रात्री झोपेतसुद्धा यांच्या कपाळावर आठ्या असतात हो. इतका निवांत चेहरा चाळीस वर्षांत पाहिला नाही. हे मी घरी नेते.” मला भरून आलं. लपवत नाही.

आणखी एक ता. क. आता शाळेसाठी दुसरं चित्र काढायचंय. त्यात डोळे हवेत, आणि ते पाहिल्याशिवाय मी काढणार नाही म्हणजे नाही. तेव्हा रविवारपासून तू इथे येऊन हेडसरांशी बोलत बस. कारण त्यांच्या पत्नी जाता जाता म्हणाल्या, हे घरी दिवसा कधी डुलकीसुद्धा काढत नाहीत. शाळेबद्दल बोल, गुडघ्याबद्दल बोल, हवी तेवढी माझी निंदा कर. फक्त माझ्या कलेचा विषय काढू नकोस.