तुफानचं खोगीर

३ फेब्रुवारी, मंगळवार
घोडी घेतली. म्हणजे घेतल्यातच जमा. तबेलेवाल्या बाईंनी ती रविवार २२ पर्यंत माझ्या हवाली केली आहे. त्या दिवशी तिच्यावर बसून तळ्यापर्यंत जाऊन यायचं, आणि तोवर तिला कसलीही इजा होता कामा नये. जमलं तर घोडी माझी, नाहीतर तबेल्याची तबेल्यात. अट ऐकून हसू आलं. मी ऑफिसात अख्खा सेक्शन सांभाळतो, एक घोडी ती काय.

नाव ठेवलं तुफान. तबेल्यात तिला सगळे मावशी म्हणतात. वयाचा मान ठेवावा हे ठीक, पण मावशीवर बसून तळ्यावर जाणं बरं दिसत नाही. तिच्या दारावर पितळी पाटी ठोकून घेतली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
खोगिराची निवड. बाईंचं म्हणणं, आधी घोडीच्या पाठीवर तार वाकवून आकार काढा, तो दुकानात दाखवा, मग घ्या. तार वाकवत बसायला वेळ कुणाला आहे? शिवाय बसणार मी, घोडी नव्हे. दुकानातून एक तपकिरी, मऊ कातड्याचं ट्रायलला घरी आणलं. सोफ्याच्या हातावर ठेवलं, वर बसलो आणि अख्खी मॅच बघितली. कुठेही टोचलं नाही. पास.

बायकोने विचारलं, सोफ्याची पाठ आणि घोडीची पाठ एकच असते का. तिला यातलं काही कळत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
खोगीर चढवलं. तुफानने कान मागे टाकले. मी मागेच उभा होतो, म्हणजे लक्ष माझ्याकडेच. पोटपट्टा आवळताना ती पोट फुगवून धरते. मी पाय टाकला की श्वास सोडते, पट्टा ढिला पडतो आणि खोगीर माझ्यासकट बाजूला कलंडतं. आज दोनदा. जमीन मऊ आहे. बाई लांबून बघत होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संकल्प: उद्यापासून व्यायाम.

८ फेब्रुवारी, रविवार
रविवारी कोणी व्यायाम सुरू करत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
गुडघ्यापर्यंतचे बूट आणले. रुबाबदार. घालून पाहिले. काढताना डावा निघाला. उजव्यासाठी बायकोने भिंतीला पाय लावून ओढलं, तरी निघेना. जेवण एका बुटानिशी. तिने मधेच विचारलं, अहो, घोडीवर बसणं कुठवर आलं? म्हटलं, आधी सामान पूर्ण होऊ दे.

१४ फेब्रुवारी, शनिवार
मैदानात दोन फेऱ्या. उतरल्यावर खरारा करायला गेलो. ब्रश पाठीला लागला की कातडी थरथरते. गुदगुल्या होत असणार. मग मान वळवून दंडाला चावायला आली. तरुण रक्त.

उपाय: खोगिराखाली जाड गादी. शिवाय छडी घेतली. मारायला नाही, नुसती हातात असावी.

१६ फेब्रुवारी, सोमवार
आणखी एक गादी. बायको या सगळ्याला खोगीरभरती म्हणते. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण तिचा सूर तसा नव्हता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
बाईंनी घोडीची पाठ दाखवा म्हटलं. मी म्हटलं, फर्स्ट क्लास आहे, रविवारी बघाच. त्या यायच्या आत मी तिच्या अंगावर घोंगडी टाकली होती. थंडी होती म्हणून.

थंडी नव्हती. पण होऊ शकली असती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
झोप लागत नाही. भीती वाटते असं नाही, ॲसिडिटी आहे. आज तबेल्यात हाक मारली, तुफान भिंतीकडे तोंड करून उभी. गवत दाखवलं तेव्हा वळली. माझ्या दुसऱ्या हातात खोगीर दिसलं, पुन्हा भिंत. माझ्या खांद्याला नाक घासायची ती, पहिल्या आठवड्यात. रविवारनंतर ती माझी नसली तर सकाळी मी जाणार कुठे? हा विचार नकारात्मक आहे. करायचा नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
तिसरी गादी. आता खोगीर इतकं उंच झालंय की चढायला स्टूल लागतं. काळजीचं कारण नाही. घोडामैदान जवळच आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
बूट, हेल्मेट, छडी, सगळं तयार. निघालो.

रविवार, दुपार
तळं दिसायला लागलं होतं. वळणावर ती थांबली. टाच मारली, हलली नाही. गोड बोललो, हलली नाही. छडी उचलली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. चावायला आली असती तर मारली असती कदाचित. ती नुसती बघत राहिली.

उतरलो. या खेपेला स्वतःहून. खोगीर काढलं, तिन्ही गाद्या काढल्या. कण्याच्या दोन्ही बाजूंना सूज. केस गेलेले. एका जागी कातडी सोललेली. हे आजचं नाही, एवढं मलाही कळतं.

मी मोठ्याने म्हणालो, "मावशी, चुकलो."

खोगीर माझ्या खांद्यावर घेतलं आणि तिच्या बाजूने चालत परत आलो. खांद्याला फार टोचतं ते. फाटकात बाई उभ्या होत्या. त्यांनी पाठ बघितली, खोगीर हातात घेऊन उलटं करून बघितलं.

"कुणाच्या मापाचं घेतलंत?"

"सोफ्याच्या."

त्या हसल्या नाहीत.

२३ फेब्रुवारी, सोमवार
घोडी तबेल्याची. पाठ बरी होईपर्यंत सकाळी येऊन औषध लावायची परवानगी आहे. बसायची नाही. मी विचारलंही नाही.

पितळी पाटी काढली. दारात खिळ्यांची भोकं राहिली. औषध लावताना मावशीची कातडी थरथरली, पण ती भिंतीकडे वळली नाही. मी कितीतरी वेळ तिथेच थांबलो.

संध्याकाळी खोगीर सोफ्याच्या हातावर ठेवलं. चपखल बसतं. बायको म्हणाली, बसा की. मी फरशीवर बसलो.