पेंटियम सिक्स प्लस

१२ जून २००६, सोमवार
शाळा सुरू झाली, रोजनिशीही सुरू. ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे फक्त खरं लिहायचं.
रेणुका नववीत गेली. भात वाढताना म्हणाली, डिसेंबरात जिल्हा विज्ञान प्रदर्शन आहे. शाळेचे कॉम्प्युटर टेबलाला पट्ट्या ठोकून बसवलेत, बाहेर नेता येत नाहीत. ज्याचा प्रोजेक्ट कॉम्प्युटरवरचा, त्याने मशीन स्वतःचं आणायचं. तिचा प्रोजेक्ट म्हणजे तारीख टाकली की आमच्या मांडवीच्या समुद्राच्या भरती-ओहोटीची वेळ सांगणारा प्रोग्रॅम. तिच्या वर्गातल्या लायबाचा आजा तिथी मोजून भरती सांगायचा, ते गणित रेणुका कॉम्प्युटरला शिकवणार म्हणे. बाई म्हणाल्या, नीट दाखवलंस तर राज्यावर जाशील.
मी म्हटलं, लॅपटॉपची बाजू माझ्यावर सोड. घरात एकदम शांतता पसरली. आदराची असावी. एमएस-सीआयटी पास झालेला या घरात मी एकटाच. (दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला परीक्षेचं मशीनच खराब होतं.)

१८ जून, रविवार
भांडुपहून मेव्हण्याचा फोन. महेंद्र. ऑफिसात त्याला नवीन लॅपटॉप मिळाला, जुना चालू स्थितीत आहे, रेणुकाला पाठवतो म्हणाला. फुकट.
माझं डोकंच फिरलं. पंचायत समितीतल्या वरिष्ठ लिपिकाच्या मुलीने दुसऱ्याचं उष्टं मशीन वापरायचं? मी फोन स्पीकरवर टाकला आणि रेणुकालाच बोलायला लावलं. वाक्य मीच सांगितलं, मामा, माझे बाबा समर्थ आहेत. ती पुटपुटली. मी म्हटलं, मोठ्याने म्हण. परत पुटपुटली. तिसऱ्यांदा नीट म्हणाली.
महेंद्र म्हणाला, बरं गो बाय, पन मग ह्याचा करू काय? मी म्हटलं, गरजूला दे. आमचा शिपाई इद्रीस आहे, त्याची लायबा रेणुकाच्याच बाकावर बसते, तिला दे. पुढच्या एसटीने पार्सल येतंय. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हा.
रेणुका परसात जाऊन भांडी घासत बसली. एरवी सांगूनही घासत नाही. मुलगी सुधारतेय.

२ जुलै, रविवार
सर्व्हे सुरू. संकल्प: घाई नाही. संपूर्ण माहिती, मगच खरेदी.
मोठ्या दुकानात गेलो. बाहेर पाऊस, आत एसी. पोरगेलासा सेल्समन, पहिला प्रश्न बजेट किती. मी म्हटलं, आधी माल दाखव. त्याने हार्ड डिस्क समजावली. मी ठणकावलं, मुलीसाठी आहे, हार्ड कशाला, सॉफ्ट असेल ती दाखव. आत जाऊन दुसऱ्या पोराला घेऊन आला, दोघे मिळून माझं ऐकत होते. शेवटी माहितीपत्रकं घेऊन निघालो. किमती इथे लिहीत नाही, शिवी रोजनिशीतही लिहू नये.

२३ जुलै
सर्व्हे चालू. पाच दुकानं झाली, सगळी चोर.
हिने विचारलं, अजून महेंद्रला सांगता येईल का. मी दोन दिवस हिच्याशी बोललो नाही. शिक्षा म्हणून. तिसऱ्या दिवशी हिला ते कळलंच नव्हतं असं कळलं.

१९ ऑगस्ट, शनिवार
झालं! काम फत्ते!
मिरकरवाड्यात साकिबचं घर. दुबईला असतो, दर खेपेला माल आणतो, घरूनच विकतात. सेंटची बाटली बघायला गेलो होतो, तर कपाटावर सीलबंद खोका, वर इंग्रजीत ठळक: स्टुडंट लॅपटॉप. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, घासाघीस मला कळते.
साकिब दुबईत, बायको रुबिना घरी. ती म्हणाली, भाऊ, ह्या बारक्यांचा हाय. मी म्हटलं, बारकाच हवाय. हल्ली सगळं बारकं निघतंय, मोबाइल बघा, रेडिओ बघा. ती परत म्हणाली, न्हाय भाऊ, बारक्यांचा. मी म्हटलं, वहिनी, माझं एमएस-सीआयटी झालंय. मग तिने खोका खाली काढला.
वैशिष्ट्यं: साठ फंक्शन्स. (दुकानदाराला विचारलं होतं, लॅपटॉपला फंक्शन्स किती, मोजून सांगता आली नव्हती.) वजन पिसासारखं. वीज लागत नाही, साधे पेन्सिल सेल! लोडशेडिंगचा प्रश्नच मिटला. हे मोठ्या कंपन्यांच्या डोक्यात का येत नाही? खोक्यावर उंदराचं चित्र आहे, म्हणजे माऊस आतच. बदकाचंही आहे, ते कंपनीचं चिन्ह असणार. हसणारं गोरं मूल आहे, म्हणजे एक्स्पोर्ट क्वालिटी.
आणि कोपऱ्यात गोलात छापलंय, ६+. आमच्या कार्यालयात अजून पेंटियम फोर. शोरूममध्ये फाइव्हचं नाव कोणी काढलं नाही. हे सिक्स. आणि वर प्लस!
किंमत चांगल्या छत्रीएवढी. दुकानं चोर आहेत हे मी लिहिलंच होतं.

२० ऑगस्ट
रेणुकाला बघायचा होता. नाही म्हटलं. खोक्याला वर्तमानपत्र गुंडाळलं, त्यावर प्लास्टिक, त्यावर सुतळी. मांडवीची हवा खारी, त्यात पावसाळा. घरातल्या कात्र्या गंजल्या, चपलांना बुरशी आली, पेंटियम सिक्सचं काय होईल? सगळं बांधून तांदळाच्या पिंपात मधोमध पुरलं. तांदूळ ओल शोषतो, हे शास्त्र आहे. सील प्रदर्शनात, परीक्षकांसमोरच फुटेल.
रेणुका म्हणाली, बाबा, प्रोग्रॅम त्यावर चालतो का ते आधी बघायला हवं. सीडी लागते का, काय आहे त्यात. मी म्हटलं, साठ फंक्शन्स आहेत, तुझी सीडी त्यातलं एकसष्टावं का?
हसली नाही. विनोदबुद्धी आईवर गेलीय.

१ ऑक्टोबर, रविवार
हिची तक्रार, माप घालायला गेलं की खोका लागतो, पिंपात हात जात नाही. मी म्हटलं, मुलीच्या भवितव्यासाठी एवढं सोस. दोन मापं भात कमी खाल्ला तर कोणी मरत नाही.
पाऊस ओसरलाय, आता तरी काढा म्हणाली. मी विचारलं, समुद्र आटला का?

१५ ऑक्टोबर, रविवार
गंभीर बाब उघडकीस आली. रेणुका शाळा सुटल्यावर इद्रीसच्या घरी जाते. लायबाच्या, म्हणजे महेंद्रच्या, म्हणजे मी दान केलेल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिते. इद्रीसनेच अभिमानाने सांगितलं, साहेब, तुमची पोर हुशार आहे, आमच्या लायबाला पण शिकवते.
वरिष्ठ लिपिकाची मुलगी शिपायाच्या घरी मशीन मागते! आजपासून तिकडे पाऊल टाकायचं नाही. रेणुका म्हणाली, मग करू कशावर? मी म्हटलं, डोक्यात कर. ज्याचं डोकं चालतं त्याला मशीन लागत नाही.
मग तुम्ही आणला कशाला, म्हणाली. एक ठेवून दिली. हलकीच. डाव्या हाताने.
हिने रात्री मला वाढलं नाही. डाळ मी स्वतः वाढून घेतली. खारट होती.

१२ नोव्हेंबर, रविवार
संकल्प पाळतोय, खोका उघडलेला नाही. रेणुका प्रोग्रॅम कागदावर लिहिते. पानंच्या पानं. शाळेत तास मिळाला की तिथे टाइप करते, सीडीवर घेते. पहाटे मांडवीच्या जेट्टीवर जाऊन पाणी कधी चढलं ते बघते आणि कागदाशी ताडून बघते. परवा हिला म्हणाली, आई, बरोब्बर आलं गो. मला नाही म्हणाली. मी पेपर वाचत होतो, त्रास नको म्हणून.
कार्यालयात सिक्स प्लसची बातमी फोडली. साहेबांनी विचारलं, पेंटियम सिक्स? मी फक्त मान हलवली. सगळ्यांना प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं.

१८ डिसेंबर, सोमवार
खोका काढला. प्लास्टिकवर एक थेंब ओल नाही. तांदळातले पोरकिडे थोडे निघाले, झटकले. सेल नवे घेतले, चांगल्यातले.
रेणुका खोक्याकडे बघत राहिली. वर्तमानपत्र तिला काढू दिलं नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार, सकाळी ७
इस्त्रीचा शर्ट. पेन दोन. भाषण करायला सांगतील.

तोच दिवस, संध्याकाळी
आधी एक नोंद: खोटं पॅकिंग हा ग्राहकाविरुद्धचा गुन्हा आहे.
परीक्षक तिघे. रेणुकाचं टेबल मधलं, शेजारी लायबा, तिचा विषय पाणी वाचवा. मागे आमचे साहेब, इद्रीस, कार्यालयातली निम्मी माणसं. रेणुकाने तिथीचं गणित तोंडी सांगितलं. परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. त्यातले एक म्हणाले, वा, आता चालवून दाखव. मी पुढे झालो. सुतळी कापली, सील फोडलं, झाकण स्वतः उघडलं.
आत मशीन केशरी. स्क्रीन साबणाच्या वडीएवढा. सेल घालताच बदक ओरडलं, हॅलो फ्रेंड! क्वॅक क्वॅक! आणि मग ए फॉर ॲपल गायला लागलं. आवाज कमी करायचं बटण सापडेना. साठ बटणं.
आधी मुलं हसली. मग पालक. मग साहेब.
रेणुका सीडी हातात घेऊन मशीन सगळ्या बाजूंनी फिरवून बघत होती. मी म्हटलं, बघत काय बसलीस, घाल कुठेतरी.
लायबाने आपला लॅपटॉप सरकवून रेणुकासमोर ठेवला. म्हणाली, घाल गो, ह्यात तुजा जुना प्रोग्रॅम पन हाय. परीक्षक म्हणाले, हो हो, थांबतो आम्ही. रेणुकाने हात पुढे केला.
मी तिचा हात धरला. सगळ्यांदेखत खणखणीत म्हटलं, आम्ही दुसऱ्याच्या वस्तूवर जगत नाही. इद्रीस म्हणाला, साहेब, तो तुमच्याच मेव्हण्याचा. मी म्हटलं, दिलेलं परत घेणाऱ्यातला मी नाही.
परीक्षकांनी थोडी वाट पाहिली, रेणुकाकडे पाहिलं, मग पुढच्या टेबलावर गेले. माझ्या हातात तिचं मनगट होतं, ते तिने सोडवूनही घेतलं नाही.
पाणी वाचवा दुसरं आलं. पहिले दोन राज्यावर, म्हणजे लायबा जाणार.
अपमान झाला असता. आपण टाळला.

२४ डिसेंबर, रविवार
रुबिनाकडे गेलो, फसवणूक म्हणून. ती म्हणाली, मी दोनदा सांगितलं, भाऊ, बारक्यांचा हाय. बारके म्हणजे पोरं. मी म्हटलं, शुद्ध बोलायला काय होतं?
तिने शेजारणीला बोलावून तिच्यासमोर सगळं परत सांगितलं. दोघी हसल्या.

१ जानेवारी २००७
संकल्प: १. रागावर ताबा. २. मुलीशी रोज अर्धा तास बोलणे.

९ जानेवारी
संकल्प दोन स्थगित. समोरची व्यक्ती सहकार्य करत नाही.
शाळेत तिला बदक म्हणतात असं ही म्हणाली. मी म्हटलं, मला कार्यालयात सिक्स प्लस म्हणतात, मी रडतो का? रेणुकाने ती सीडी मधोमध मोडून केराच्या डब्यात टाकली. मी उचलून ठेवली. आमच्या परसात कावळे फार, दोरीला टांगली तर चकाकते.

६ जुलै २००८, रविवार
बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत नव्हतं.
रेणुका दहावीला शाळेत पहिली आली. मी घरी शिस्त ठेवली त्याचं फळ. अकरावी भांडुपला, मामाकडे. तिनेच ठरवलं, मला शेवटी कळलं, सरप्राइज ठेवलं असणार. काल महेंद्र न्यायला आला. तिच्यासाठी नवाकोरा लॅपटॉप घेऊन ठेवलाय म्हणाला. मी विचारलं, हार्ड का सॉफ्ट? त्याने बॅगा उचलल्या.
आज सकाळच्या गाडीने गेले. हीपण गेलीय सोबत, पोरीचं बस्तान बसेपर्यंत. कधी परतणार ते म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. रेणुकाने निघताना आजीच्या फोटोला हात जोडले, पिंपाला हात लावला, शेजारच्या मांजराला जवळ घेतलं. माझ्याकडे यायचं राहिलं. गाडीची वेळ झाली होती.
लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली. पिंपाच्या तळाशी होता, दुपारी भात लावताना हाताला लागला. प्रदर्शनाहून आल्यावर तिनेच परत पुरला असणार. दीड वर्षं तांदळात, आणि गंजाचा एक डाग नाही. माझं शास्त्र बरोबर होतं.
नवे सेल घातले. बदक म्हणालं, हॅलो फ्रेंड. स्पेलिंग विचारलं. सहा वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे, मी पन्नाशीचा, म्हणजे अडचण यायला नको. रेनबो विचारलं. ट्राय अगेन म्हणालं. परत घातलं. ट्राय अगेन. मशीनमध्ये दोष आहे, मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. मग बटणं दाबायचं सोडलं आणि भाताची शिटी ऐकत बसलो. बराच वेळ कोणी काही दाबलं नाही की ते आपोआप बंद होतं, हे साठातलं शेवटचं फंक्शन असावं. बंद होताना बोललं, बाय बाय फ्रेंड, आय विल मिस यू.
सकाळपासून मला बाय म्हणणारं ते पहिलंच. मीही बाय म्हटलं.