कुंड एकतीसवर

सोमवार, १९ जानेवारी २०२६. सकाळी ७.४०

गावाहून सुनंदाबाईचा, माझ्या भावजयीचा, फोन. "अक्का, कुंड थंडं पडनं! मना हात वळतस नई." संधिवाताचे हात रोज त्या गरम झऱ्यात बुडवते, तेव्हा कुठे भाकरी थापता येते तिला.

मंगळवार, २० जानेवारी

धुळ्याहून एस.टी.नं गावी. कुंडात थर्मामीटर बुडवला — एकतीस अंश! दिवाळीत त्रेचाळीस होतं. कंपनीनं कुंडाच्या वरच्या अंगाला बोअर मारलाय. जमिनीतलं गरम पाणी उपसून त्याच्या उष्णतेवर केळीच्या चकत्या वाळवतात. लाकूड नाही, कोळसा नाही. इंजिनिअर कुंदन म्हणे, "मॅडम, दोन दिवसांत पूर्ववत होईल." 'मॅडम' म्हटलं की बाई गप्प बसते, हे यांना कोण शिकवतं?

गुरुवार, २२ जानेवारी

तीस. पूर्ववत म्हणे!

शनिवार, २४ जानेवारी

चावडीवर म्हटलं, बोअर बंद करा. केळीवाला भटू उसळला, "अक्का, वहिनीना हात मोठा, का आमनी केळी मोठी?" भाव पडला की हा केळीचे घड गुरांपुढे टाकायचा. आता तीच केळी कंपनीला चकत्यांसाठी विकतो.  

आणि ग्रामसभेत 'कंपनीच्या करारावर सह्या करा, चांगलं काम आहे' म्हणून उभं कोण राहिलं होतं? मीच.

रविवार, १ फेब्रुवारी

करार आज वाचला. आज! पान नऊ: वापरलेलं पाणी दुसऱ्या बोअरनं परत जमिनीत सोडायचं, म्हणजे झऱ्याचा जोर टिकतो. दुसरा बोअर कुठाय? पाणी चाललंय नाल्यात. न वाचता गावाला सही करायला लावली मी. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनं दिवसभर बाकावर उभं केलं असतं.

कुंदनला पान दाखवलं. मान खाली. "जागाच मिळाली नाही, मॅडम. झऱ्याच्या खालच्या अंगाला हवी. केळीची जमीन कोण देणार?"

सोमवार, २ फेब्रुवारी

मी देते. माझ्या वाट्याचे झऱ्याखालचे दहा गुंठे, म्हातारपणी घर बांधायला ठेवलेले.

सुनंदाबाई म्हणाली, "मंग तुम्ही कोठे ऱ्हाशात?"

"तुझ्याकडे. भाकरी तू थापायची."

कंपनीला पत्र टाकलं, सोबत संमतीपत्र. जागेची सबब संपली. दुसरा बोअर कोणत्या तारखेला सुरू करता, ते लेखी कळवा — शुक्रवार, १३ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत.